रक्त कमी आहे, पण जातं कुठं?

बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं की पहिला प्रश्न येतो तो खाण्याचा. काय खातेस? बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, लोखंडी कढईत पालेभाजी कर. दवाखान्यातल्या सिस्टर हेच सांगतात, सासूबाई हेच सांगतात आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचं रंगीत पत्रकही हेच सांगतं. इतकं एकमत आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या विषयावर सहसा होत नाही. या सल्ल्यात खोटं फारसं काही नाही. पण तो उथळ आहे. शिवाय तो दोष अलगद बाईच्याच पदरात टाकतो: तू नीट खात नाहीस, गोळ्या घेत नाहीस, म्हणून तुझं रक्त कमी.

माझं म्हणणं असं आहे. पाळी येण्याच्या वयातल्या बाईच्या शरीरातलं लोह हा जमाखर्चाचा मामला आहे, आणि गेली पन्नासहून अधिक वर्षं आपण त्यातली फक्त जमेची बाजू तपासत आलो आहोत. खर्चाच्या बाजूला मोठी आणि टाळता येण्याजोगी रक्कम मासिक पाळीची आहे. ती ना घरात मोजली जाते, ना दवाखान्यात, ना सर्वेक्षणात. ती मोजायला लागेपर्यंत गोळ्यांचा रंग आणि योजनेचं नाव बदलत राहील, आकडा जिथल्या तिथे राहील.

१. न हललेला आकडा

गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. पुढे गोळीतली मात्रा वाढली. २०१३च्या सुमारास किशोरवयीन मुलींसाठी आठवड्याची निळी गोळी आली, २०१८ला ‘ॲनिमियामुक्त भारत’ आलं आणि दरवर्षी तीन टक्के-अंकांनी प्रमाण खाली आणायचं ठरलं. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण २००५-०६ला ५५.३ टक्के, २०१५-१६ला ५३.१ टक्के आणि २०१९-२१ला ५७ टक्के. महाराष्ट्रात याच तीन फेऱ्यांत ४८.४, ४८ आणि ५४.२.

शेवटच्या फेरीतली वाढ खरी किती आणि मोजमापातली किती, यावर वाद आहे. तो रास्त आहे, त्याकडे पुढे येतो. पण वाढ सोडून दिली तरी पंधरा वर्षांत घट नाही, हे उरतंच. यातल्या शेवटच्या दोन फेऱ्यांदरम्यान गरोदरपणी १८० दिवस गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण १४.४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे दोन सर्वेक्षणांच्या मधल्या चार-पाच वर्षांत जवळपास दुप्पट झालं. तरी गरोदर स्त्रियांतला रक्तक्षय ५०.४ वरून ५२.२ झाला.

गरिबी हे एकच कारण असतं, तर सर्वांत श्रीमंत पंचमांश कुटुंबांत चित्र अगदी वेगळं दिसायला हवं होतं. तिथेही जवळपास निम्म्या बायका रक्तक्षयी आहेत. गोव्यात दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांचं आणि जेवणात मासळी नेहमीची. तिथला आकडा ३९ टक्के. महाराष्ट्रापेक्षा बरा आहे, पण बांगडा-सुंगटं खाणाऱ्या राज्यात दर पाचांतल्या दोन बायकांचं रक्त कमी असेल, तर प्रश्न ताटापुरता नाही.

आणि पुरुष? देशात २५ टक्के. त्यांच्यासाठी रेषा १३ ग्रॅमची आहे, बायकांसाठी १२ ची. रेषा सैल असूनही बायका दुपटीच्या वर. इथे ठरलेलं उत्तर येतं, की बायका शेवटी जेवतात, उरलंसुरलं खातात. ते खरंच आहे आणि लाजिरवाणंही. पण केवळ ताटातला भेदभाव कारण असता, तर पाच वर्षांखालच्या मुला-मुलींतही ही दरी दिसली असती. तिथे ती जवळपास नाही. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटात मात्र मुलगे १८ टक्के आणि मुली ४० टक्के रक्तक्षयी आढळल्या. मधे काय घडलं हे सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही. पाळी सुरू झाली.

२. हिशेब मांडून पाहू

आपल्या भाकरी-भात-डाळीच्या जेवणातलं लोह फार तर ५ ते ८ टक्के अंगी लागतं. धान्यातली फायटेटं ते अडवतात आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात भर घालतो. दिवसाकाठी ताटात १५ मिलिग्रॅम लोह आलं असं धरलं, तर रक्तापर्यंत पोचतं साधारण १ मिलिग्रॅम. ही जमा.

आता खर्च. आतड्याचं अस्तर, त्वचा, घाम यांतून रोज ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, ते पुरुषाचंही जातं. पाळीत सर्वसाधारणपणे महिन्याला ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. हिमोग्लोबिन १२ असेल तर ४० मिलिलिटर रक्तात सुमारे ४.८ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्यात १६ मिलिग्रॅम लोह. महिनाभरावर वाटलं तर रोजचा अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे जमा १, खर्च १.३. अगदी ‘नॉर्मल’ पाळी असलेली बाईही या जेवणावर तुटीत आहे. शरीर सावरून घेतं, कारण साठा कमी झाला की आतडं जास्त लोह ओढायला लागतं. पण त्या सावरण्याला मर्यादा असते.

जिची पाळी जास्त जाते, तिचं काय? ८० मिलिलिटरच्या वर गेलं की वैद्यकशास्त्र त्याला अति रक्तस्राव म्हणत आलं आहे. तिचा पाळीचा खर्च रोजचा १.१ मिलिग्रॅम, एकूण १.९. जमेच्या जवळपास दुप्पट. पाळीतली ही वरची ४० मिलिलिटर बिटाने भरून काढायची म्हटली तर? १०० ग्रॅम बिटात जेमतेम पाऊण मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलंही ७-८ टक्केच शोषलं जाणार. म्हणजे रोज किलोभर बीट. बिटाची सगळी कीर्ती त्याच्या रंगावर उभी आहे. लोहाच्या बाबतीत बाजरीची भाकरी त्याच्या कितीतरी पुढे आहे, पण ती दिसायला लाल नाही.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो. जी बाई रोज मांस खाते, तिला रोज दोन मिलिग्रॅम लोह मिळतं आणि ४० मिलिलिटरची पाळी तिला पेलते. आपल्याकडच्या बाईला तेवढीच पाळी कर्जात ढकलते. जमा तुटपुंजी असताना तर खर्चाकडे जास्तच लक्ष द्यायला हवं होतं. आपण नेमकं उलट केलं.

३. चारशे वीसपैकी अठरा महिने

आपला कार्यक्रम मुख्यतः गरोदर बाईभोवती फिरतो. आशाताई तिची नोंद करते, तिला कार्ड मिळतं, गोळ्या मिळतात, रक्त तपासलं जातं. हे हवंच, कारण बाळंतपणात अति रक्तस्राव झाला तर रक्तक्षयी बाई हातची जाते. पण काळाचा हिशेब पाहा. १५ ते ४९ म्हणजे ३५ वर्षं, ४२० महिने. देशाचा प्रजननदर, म्हणजे दर बाईमागे मुलांची सरासरी, आता २ च्या आसपास आहे, महाराष्ट्राचा त्याहून कमी. दोन बाळंतपणं म्हणजे १८ महिने. उरलेल्या ४०२ महिन्यांपैकी बहुतेक काळ ती प्रत्यक्षात कार्यक्रमाच्या नजरेबाहेर असते. किशोरीची निळी गोळी शाळा सुटली की सुटते.

लोहाचा हिशेबही याच दिशेने जातो. एका बाळंतपणात बाळ, वार आणि प्रसूतीतलं रक्त मिळून शरीरातून कायमचं ५०० ते ६०० मिलिग्रॅम लोह जातं. दोन मुलांचं सव्वा ग्रॅम धरा. दरमहा १६ मिलिग्रॅम आणि पाळीची ३० वर्षं धरली, तर पाळीतून जातं पावणेसहा ग्रॅम. तिच्या शरीरात एका वेळी असलेलं सगळं लोह अडीच ग्रॅमच्या आत असतं! बाळंतपणाच्या चौपटीहून जास्त खर्च पाळीचा, तोही ‘नॉर्मल’ पाळीचा. जिची जास्त जाते तिच्यासाठी ही रक्कम दुप्पट करा.

इथेच त्या न हललेल्या आकड्याचा एक धागा सापडतो, असं मला वाटतं. १९९२-९३ साली देशाचा प्रजननदर ३.४ होता. मुलं कमी झाली, तसा बाळंतपणातला खर्च उतरला. पण गरोदरपणाचे आणि अंगावर पाजण्याचे बिनपाळीचे महिनेही कमी झाले आणि पाळ्यांची संख्या वाढली. आजीच्या आणि नातीच्या शरीरातलं लोह वेगवेगळ्या वाटांनी जातं. आपला कार्यक्रम अजून आजीचाच आहे.

४. पॅडची चौकशी, रक्ताची नाही

पाळीबद्दल बोललंच जात नाही, असं आता म्हणता येणार नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ बोललं गेलं. महाराष्ट्राने २०१८च्या महिला दिनाला अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड दिले. १५ ते २४ वयाच्या मुली पाळीत काय वापरतात हे राष्ट्रीय सर्वेक्षण विचारतं आणि स्वच्छ साधन वापरणाऱ्यांची टक्केवारी अभिमानाने छापतं. पण ते साधन किती वेळा बदलावं लागतं, हे विचारत नाही. पाळी आपण विटाळातून काढली आणि स्वच्छतेच्या खात्यात टाकली. आरोग्याच्या खात्यापर्यंत ती पोचलीच नाही.

सर्वांत बोलका पुरावा ‘ॲनिमियामुक्त भारत’च्या आराखड्यातच आहे. सहा लाभार्थी गट, सहा उपाय, सहा यंत्रणा अशी त्याची रचना. सहावा उपाय पोषणाखेरीजच्या कारणांसाठी राखलेला आहे, आणि त्यात ठळकपणे घातलेली नावं तीन: मलेरिया, सिकलसेल-थॅलसेमियासारखे हिमोग्लोबिनचे विकार आणि फ्लोरोसिस. तिन्ही कारणं खरी आहेत. गडचिरोली-नंदुरबारच्या डॉक्टरला सिकलसेल विसरून चालणारच नाही. पण देशातल्या कोट्यवधी बायकांचं दरमहा जाणारं रक्त त्या यादीत नाही. फ्लोरोसिस आहे, पाळी नाही.

घरातही तसंच. ‘अंगावरून फार जातं’ ही तक्रार आई-मावशीकडून चालत आलेली असते. ‘आमच्या घरात सगळ्यांचंच असं आहे’ हे वाक्य धीर द्यायला म्हटलं जातं. खरं तर ते ऐकून डॉक्टरने रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक विकाराची शंका घ्यायला हवी. रात्री दोनदा उठून घडी बदलणारी, खाली जुनी चादर दुपटी करून झोपणारी, रुपयाएवढ्या गाठी पडणारी बाई याला आजार मानत नाही. तिने दुसरं काही पाहिलेलंच नसतं.

५. रक्तक्षय एक नाही

माझा मुद्दा ताणून सगळंच पाळीवर ढकलू नये, म्हणून थोडं विषयांतर. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास तिने सुरू केला. हा रक्तक्षय लोहाने बरा होईना. यीस्टच्या अर्काने, म्हणजे स्वस्तातल्या मार्माइटने, तो बरा झाला. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज लोहाच्या गोळीत फोलिक ॲसिड असतं, त्याचं मूळ परळ-लालबागच्या बायकांच्या रक्तात आहे.

पण गोळीत ब-१२ नाही. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी आढळलं. शिवाय अंगात कुठेही दाह असला, जुना संसर्ग असला, की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि साठ्यातलं लोहही कुलूपबंद होतं. ते दाराशी असून कामाचं नसतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन पाहून लोह कमी आहे म्हणणं हा अंदाजच. फेरिटिन पाहिल्याशिवाय साठा कळत नाही. तरीही पाळीच्या वयात लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे आणि त्या कमतरतेत गळती हा मोठा वाटा आहे, यात मला शंका वाटत नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: जिथे पोटाला पुरेसं नाही तिथे पाळीची मोजदाद कसली करता? उत्तर वर आलंच आहे. जमा कमी तितका खर्चाचा चटका मोठा. डाळ, अंडी, मासळी, जेवणाबरोबर लिंबू-आवळा, चहा तासाभराने, हे सगळं करावंच. कढईचा फायदाही थोडाफार आहे. एवढ्याने १ चे दीड मिलिग्रॅम होतील. १.९ ची गळती त्याने भरत नाही.

दुसरा: गोळ्या उत्तम आहेत, बायका घेत नाहीत. यात बरंच तथ्य आहे. मळमळ होते, संडास काळी आणि कडक होते, आणि का घ्यायची हे कुणी नीट सांगत नाही. गोळ्या पोटात गेल्या तर हिमोग्लोबिन वाढतं, हे वारंवार सिद्ध झालेलं आहे. झुरिकच्या संशोधकांनी तर लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांत दाखवलं, की रोजच्याऐवजी दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह जास्त शोषलं जातं, कारण गोळीनेच हेपसिडिन चढतं आणि दुसऱ्या दिवशीची वाट अडवतं. पण कोर्स संपला की काय? आठवड्याच्या ६० मिलिग्रॅममधून फार तर ६ ते ९ मिलिग्रॅम अंगी लागतं असं धरलं, तर सामान्य पाळीचा खर्च निघतो. ८०-१००-१२० मिलिलिटर जाणाऱ्या बाईच्या बाबतीत तो येतो तसा वाहून जातो. चार महिन्यांनी तीच बाई, तेच ९ हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांचा तोच प्रश्न: गोळ्या घेतल्या नाहीत ना?

तिसरा: आकडेच फुगवलेले आहेत. बोट टोचून घेतलेल्या थेंबावरचं मोजमाप आणि शिरेतून घेतलेल्या रक्तावरचं मोजमाप जुळत नाही, हे मान्य. २०१६-१८च्या शिरेच्या रक्तावरच्या सर्वेक्षणात आकडे बरेच खाली होते, आणि आता सरकारनेही रक्तक्षयाचं मोजमाप कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून काढून आहार व रक्तघटकांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे नेलं आहे. चांगलंच झालं. पण आकडा ५७ चा ४० झाला तरी बायका आणि पुरुष यांच्यातली दरी मोजण्याच्या पद्धतीने मिटत नाही. माझा युक्तिवाद त्या दरीवर उभा आहे, ५७ वर नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि महाराष्ट्राने तो भोगलेला आहे. रक्तस्रावाकडे बोट दाखवलं की पिशव्या काढण्याचा धंदा फोफावेल. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची कहाणी बाहेर आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे दर सहांत एकीचं. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाची सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास आहे. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड कापणार. फडात ना पाणी, ना आडोसा. चार दिवस अंगावरून जाणारी बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणार कशी? ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ असं सांगणारा डॉक्टर भेटला की ती कर्ज काढून मोकळी होते. मग तिशी-पस्तिशीत हाडं दुखणं, अंगाची आग, आणि फेडायचं नवं कर्ज.

पण या कहाणीचा क्रम पाहा. त्या बाईला पाळीबद्दल पहिला प्रश्न विचारला गेला तो ऑपरेशनच्या टेबलाजवळ. त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी कारण सांगितलं ते पाळीतल्या अति रक्तस्रावाचं किंवा वेदनांचं, आणि बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या आहेत. म्हणजे या तक्रारीवर आपल्या व्यवस्थेत आज दोनच उत्तरं सहज मिळतात: लोहाची गोळी किंवा सुरी. मधली सगळी पायरी गायब आहे. अनावश्यक शस्त्रक्रियांवर लगाम घालायच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी स्वीकाराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये दिला. लगाम हवाच. पण बाईचं रक्त थांबवायला दुसरं काहीच दिलं नाही, तर ती दुसऱ्या तालुक्यात जाऊन पिशवी काढेल.

७. मधली पायरी

ती पायरी महागडी नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १९६०च्या दशकात उताको ओकामोतो या जपानी संशोधिकेने आणि तिच्या पतीने शोधलं. पाळीच्या तीन-चार दिवसांपुरतं घेतलं तर रक्तस्राव चाळीस-पन्नास टक्क्यांनी उतरतो. ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरच्या हातूनच. मेफेनॅमिक ॲसिड पोटदुखीला देतातच, त्याने रक्तही थोडं कमी जातं. हार्मोनची तांबी सर्वांत प्रभावी, पण सरकारी केंद्रात फुकट मिळते ती तांब्याची, आणि तिने रक्तस्राव वाढतो. साडेआठ हिमोग्लोबिनच्या बाईला पाळी न विचारता ती बसवणं म्हणजे एका खात्याने दुसऱ्याचं काम बिघडवणं.

मोजायचं कसं? पॅड किती भिजला याच्या चित्रांवर गुण देणारा एक कागदी तक्ता १९९०पासून वापरात आहे. घडी वापरणाऱ्यांसाठी तो जसाच्या तसा चालणार नाही, म्हणून गावात चार प्रश्न पुरेत. दर तासा-दोन तासांनी बदलावं लागतं का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांच्या वर जातं का? पाचवा हवा असेल तर कच्चे तांदूळ, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते का, हे विचारावं. लोह तळाला गेल्याची ती जुनी खूण आहे, आणि मुली ती लाजेने लपवतात.

हे काम आशाताईवर लादू नये. तिच्या मानधनाच्या मानाने तिच्याकडच्या वह्या आधीच जास्त आहेत. शाळेतल्या आरोग्य तपासणीत, पॅड वाटताना, तांबी बसवण्याआधी आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली निघालेल्या प्रत्येकीला बाह्यरुग्ण विभागात हे प्रश्न विचारता येतात. दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर फेरिटिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी, आणि तोवर गोळीच्या जोडीला रक्त थांबवण्याचं औषध. हार्मोनची तांबी निदान उपजिल्हा रुग्णालयापर्यंत यायला हवी, आणि ऊसतोडीच्या पट्ट्यात ती गळीत हंगामाच्या आधी, दसऱ्यापूर्वी, बायका गाव सोडायच्या आत पोचायला हवी.